नवानगरचे बापू

1939 च्या सप्टेंबर महिन्यात पोलंड देशावर पश्चिमेकडून हिटलरच्या जर्मनीने आणि पूर्वेकडून रशियाने आक्रमण केले. जर्मनांच्या ताब्यातील मुलखात पुढे लक्षावधी ज्यू लोक मुलाबाळांसह मारले गेले. रशियाने व्यापलेल्या भागातील लाखो माणसांना मालगाड्यांत कोंडून सायबेरिया व कझाकस्तानकडे धाडण्यात आले. थंडी, भूक आणि रोगराई यांनी तेथे असंख्य लोक दगावले. आपण जगलो नाही तरी लेकरे वाचावीत, म्हणून कित्येक मातांनी ती स्वतःच्या हातांनी अनाथालयात नेऊन सोडली. त्यांत भावंडे पुष्कळ होती. थोरल्या बहिणीनेच धाकट्याची आई व्हावे, असा तो काळ होता.

1941 साली हिटलरने रशियावर चाल केली, तेव्हा या लोकांची सुटका झाली. पण पोरक्या मुलांना थारा कोण देणार? त्या वेळी काठेवाडातील नवानगर संस्थानचे अधिपती जामसाहेब दिग्विजयसिंहजी पुढे आले.

त्यांचा जन्म 1895 चा. विख्यात क्रिकेटपटू रणजितसिंहजी हे त्यांचे चुलते. राजकोटला व इंग्लंडात शिकून दिग्विजयसिंहजींनी काही वर्षे सैन्यात चाकरी केली आणि 1933 साली चुलत्यांच्या मागे ते गादीवर आले. स्वित्झर्लंडमध्ये पोलंडचे थोर पियानोवादक पादेरेव्स्की यांच्याशी त्यांचा परिचय झाला होता व तेव्हापासून त्यांना त्या देशाविषयी आपुलकी वाटे, असे सांगतात.

अश्काबादहून मालमोटारींनी इराण ओलांडून, क्वेट्टामार्गे मुलांची पहिली तुकडी 1942 साली मुंबईस पोहोचली. वांद्र्यास काही काळ राहून मुले सावरली. मग ती जामनगरजवळ, समुद्रकाठच्या बालाचडी येथे आली. जामसाहेबांच्या उन्हाळी वाड्याशेजारीच त्यांच्यासाठी छावणी उभारली होती. तेथे शाळा होती, दवाखाना होता, प्रार्थनामंदिर होते. मुले आपल्याच भाषेत शिकत, आपलेच सण पाळत आणि आपल्याच देशाचे निशाण फडकवीत. आश्रिताने आश्रयदात्यासारखे व्हावे, असा हट्ट जामसाहेबांनी धरला नाही. हे औदार्य अन्नवस्त्राहून मोठे.

आता तुम्ही अनाथ नाही, नवानगरची मुले आहात आणि मी तुमचा बापू आहे, असे त्यांनी मुलांना सांगितले. हे केवळ बोलणे नव्हते. स्वयंपाकघरात रोज पालकाची भाजी होऊ लागली, तेव्हा मुलांनी चक्क जेवणावर बहिष्कार टाकला. जामसाहेबांच्या कानी ही गोष्ट गेली आणि पालक बंद झाला!

खरी कसोटी महायुद्ध संपल्यावर लागली. पोलंडात रशियाच्या पंखाखालचे नवे सरकार आले होते आणि त्याने अनाथ मुले परत मागितली. ज्या सत्तेने घरदार हिरावले, तिच्याच छायेत परत जायचे, या विचाराने मुले धास्तावली. तेव्हा जामसाहेबांनी छावणीचे धर्मगुरू व एक इंग्रज अधिकारी यांच्यासह कायदेशीररीत्या या मुलांचे पालकत्व पत्करले. तोंडी दिलेले नाते असे कागदावर आले आणि मुलांना बळजबरीने पाठविणे टळले.

1946 साली बालाचडीची छावणी उठली व उरलेली मुले कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील मोठ्या पोलिश वसाहतीत आली. 1948 पर्यंत तीही रिकामी झाली. कोणी इंग्लंडास गेले, कोणी अमेरिकेस, कोणी ऑस्ट्रेलियास. परक्या देशात नव्याने संसार मांडताना भावंडांना एकमेकांचाच आधार होता. वळिवड्याच्या त्या रिकाम्या बराकींत पुढे फाळणीने बेघर झालेले सिंधी निर्वासित राहावयास आले.

स्वातंत्र्यानंतर जामसाहेब सौराष्ट्राचे राजप्रमुख झाले. 1966 साली मुंबईस त्यांचे निधन झाले. वॉर्सा शहरातील एका चौकास आज भल्या महाराजांचे नाव आहे. बालाचडीच्या जागी सैनिकी शाळा उभी आहे. छावणीतील मुले वार्धक्यात तेथे येऊन गेली, तेव्हाही जामसाहेबांचा उल्लेख ती बापू असाच करीत.