टेरी सॉचक : विक्रमी गोलरक्षकाची वणवण

आइस हॉकीतील असामान्य गोलरक्षक टेरी सॉचक यांचा जन्म २८ डिसेंबर १९२९ रोजी कॅनडातील विनिपेग येथे युक्रेनियन वंशाच्या कुटुंबात झाला. अकाली निधन पावलेल्या थोरल्या भावाचे पॅड बांधून ते गोलरक्षक झाले. लहानपणी दुखावलेला उजवा हात कायम आखूड राहिला. तरीही १९५१ मध्ये ते नॅशनल हॉकी लीगचे सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरले. १९५२ मध्ये डेट्रॉइट रेड विंग्जने बाद फेरीचे आठही सामने जिंकून स्टॅनले चषक पटकावला. त्यांत सॉचक यांनी अवघे पाच गोल होऊ दिले.

१९५४ आणि १९५५ मध्येही डेट्रॉइटच विजेता ठरला. मात्र तरुण ग्लेन हॉल तयार असल्याने १९५५ मध्येच संघाने सॉचक यांना बोस्टनकडे सोपवले. आजारपण आणि मानसिक थकव्यामुळे १९५७ मध्ये त्यांनी हंगाम अर्ध्यावर सोडला. पुढे डेट्रॉइट, टोरांटो, लॉस एंजलिस, पुन्हा डेट्रॉइट आणि अखेर न्यूयॉर्क अशी वणवण झाली. अनेक वर्षे मुखवट्याविना खेळलेल्या त्यांच्या चेहऱ्यावर शेकडो टाके पडले. १९६७ मध्ये टोरांटोच्या चषकविजयात त्यांचा मोठा वाटा होता. तरी त्याच वर्षी तो संघही सुटला.

सहखेळाडूशी झालेल्या झटापटीतील अंतर्गत दुखापतींनंतर ३१ मे १९७० रोजी, अवघ्या चाळिशीत, त्यांचे न्यूयॉर्कमध्ये निधन झाले. प्रतिस्पर्ध्याला गोलशून्य रोखण्याचा त्यांचा १०३ सामन्यांचा विक्रम २००९ मध्ये मार्टिन ब्रोडर यांनी मोडला. तीनदा दुरावलेल्या डेट्रॉइटने १९९४ मध्ये त्यांचा १ क्रमांक सन्मानाने निवृत्त केला. तो मान पाहायला सॉचक नव्हते.