तीनदा मोडलेला चिमटा

सायकलचा चिमटा मोडणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले नाही त्याला सांगून कळायचे नाही. पंक्चर झाले तर माणूस सायकल ढकलत का होईना, दुकान गाठतो. चेन तुटली तर निदान उतारावर तरी बसता येते. पण हॅण्डलखालून निघून पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा मोडला, की सायकल ही सायकल उरतच नाही. ते नुसते लोखंडाचे ओझे होते. कॉलेजात असताना कात्रजच्या उतारावर माझ्या भाड्याच्या सायकलचा चिमटा मोडला. ती खांद्यावर घेऊन मी दीड तास चाललो. अंगाला खरचटले होते, पण डोक्यात विचार एकच होता, की दुकानदाराला काय सांगायचे? कारण सायकल घाटात न्यायची नाही, ही त्याची अटच होती.

पुढे कितीतरी वर्षांनी युजेन क्रिस्तोफ या फ्रेंच सायकलपटूची हकिगत वाचनात आली आणि हा माणूस एकदम ओळखीचा वाटला. माझा चिमटा एकदा मोडला, त्याचा तीनदा. आणि तिन्ही वेळा ‘टूर द फ्रान्स’मध्ये!

क्रिस्तोफचा जन्म २२ जानेवारी १८८५ चा, पॅरिसच्या दक्षिण वेशीवरच्या मालाकॉफचा. घरची गरिबी. शिकला तो कुलपे बनवण्याचा धंदा. लोखंड तापवावे कसे, कानस कशी चालवावी, तुटलेला तुकडा कसा सांधावा, हे त्याच्या हातांना पोरवयातच कळले. शर्यतीत उतरला तेव्हाही तो कारागीरच राहिला. सहकाऱ्यांमध्ये त्याची ख्याती वेगापेक्षा चिकाटीची अधिक होती. १९१० साली मिलान ते सान रेमो ही शर्यत त्याने भर हिमवर्षावात जिंकली. त्या दिवशी शेवटपर्यंत पोचलेले स्पर्धक हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. थंडीने त्याचे अंग असे बाधले, की महिनाभर इस्पितळात काढावा लागला आणि पूर्ववत व्हायला जवळजवळ दोन वर्षे गेली. १९१२ च्या टूरमध्ये त्याने ओळीने तीन टप्पे जिंकले, पण तेव्हा निकाल वेळेवर नव्हे, तर क्रमांकांच्या गुणांवर लागत असे. क्रिस्तोफ दुसरा आला.

इथे त्या काळच्या टूरबद्दल थोडे सांगायला हवे. आजच्या टूरमध्ये स्वाराच्या मागे मोटार असते, मोटारीवर चार सायकली टांगलेल्या असतात आणि मेकॅनिक चाक बदलायला काही सेकंद लावतो. ‘लोतो’ या क्रीडा दैनिकाचा संपादक आंरी देग्रांज याने १९०३ साली ही शर्यत सुरू केली, ती आपला खप वाढवण्यासाठी. पण तिच्याविषयीची त्याची कल्पना मोठी करडी होती. एक माणूस, एक सायकल, मधे तिसऱ्याचा हात नाही. सायकल मोडली तर ज्याची त्याने दुरुस्त करावी. शर्यत इतकी अवघड व्हावी, की पॅरिसला एकच स्वार परत यावा, असे त्याचे स्वप्न होते म्हणतात. टप्पे सरासरी साडेतीनशे किलोमीटरांचे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढून येणाऱ्यांकडे आपण कौतुकाने पाहतो. ते अंतर या लोकांना न्याहारीपूर्वीचे!

१९१३ साली निकाल पुन्हा वेळेवर लागू लागला. बायोन ते ल्यूशाँ हा पिरेनीज पर्वतातला ३२६ किलोमीटरांचा टप्पा. आदल्या वर्षीचा विजेता दफ्रे याने शर्यत सोडली होती आणि एकूण वेळेत क्रिस्तोफ सर्वांच्या पुढे गेला होता. तूर्मलेचा घाट चढून तो उतरणीला लागला आणि चिमटा मोडला. त्याने सायकल खांद्यावर घेतली आणि दहाएक किलोमीटर डोंगर उतरून सेंत-मारी-द-कांपां नावाच्या खेड्यात लोहारशाळा गाठली. लोहाराने भट्टी दिली, लोखंड दिले; हात लावायची त्याला मनाई होती. शर्यतीचे पंच दारात उभे होते, नियम मोडतो की काय हे पाहायला. क्रिस्तोफने स्वतः घण घातला, स्वतः कानस चालवली. पण एका हाताने लोखंड धरायचे आणि दुसऱ्याने ठोकायचे, तर भाता कोण चालवणार? एका लहानग्याने तो चालवला. सुमारे तीन तासांनी चिमटा सांधला गेला. समोर आणखी दोन घाट होते, ते ओलांडून तो ल्यूशाँला पोचला तेव्हा पहिल्यापेक्षा जवळजवळ चार तास मागे होता. भाता चालवून घेतल्याबद्दल त्याला दहा मिनिटांचा दंड झाला. तो मागाहून तीन मिनिटांवर आला. टूर जिंकली बेल्जियमच्या फिलिप तिसने. क्रिस्तोफ सातवा.

ही गोष्ट फ्रान्समध्ये पोरासोरांना ठाऊक आहे. त्या गावात आज त्याचा फलक आहे, पुतळा आहे. सायकलींवरच्या प्रत्येक पुस्तकात ती येतेच, आणि यावीही. डोंगर, भट्टी, घण, एकटा माणूस... चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. मला मात्र या माणसाची दुसरी हकिगत अधिक चटका लावून जाते. तीत डोंगर नाही, लोहार नाही, भाता चालवणारे पोर नाही. आहे तो एक सपाट, उखडलेला रस्ता.

मधे महायुद्ध आले. १९१५ ते १९१८ टूर झाली नाही. टूर जिंकलेले तिघे (फाबर, लापीझ आणि पती-ब्रतों) युद्धात गेले. क्रिस्तोफची अठ्ठाविशी जाऊन चौतिशी आली. ऐन उमेदीची वर्षे अशी गेली. व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या २८ जून १९१९ रोजी आणि दुसऱ्याच दिवशी टूर सुटली. देग्रांजने घाईच केली, असे माझे मत आहे. रस्ते तोफांनी उखडलेले, टायर दुर्मीळ, स्वार अर्धपोटी. सायकल कंपन्यांची एवढी दैना, की साऱ्यांनी मिळून एकच संघ केला आणि स्वारांना एकसारख्या करड्या जर्सी दिल्या. एकूण अंतर ५,५६० किलोमीटर, टप्पे पंधरा. ६७ जण निघाले. आंरी पेलिसिए आणि त्याचा भाऊ फ्रान्सिस सुरुवातीला जोरात होते, पण चौथ्या टप्प्यानंतर दोघे निघून गेले आणि आघाडी क्रिस्तोफकडे आली. ती त्याने पिरेनीजमध्ये टिकवली. आल्प्समध्येही टिकवली.

ग्रेनोबलला एक मजेची गोष्ट झाली. साऱ्यांच्या जर्सी करड्या आणि धुळीने आणखी करड्या झालेल्या. पुढे कोण आहे ते रस्त्यावरच्या माणसाला ओळखू येईना. तेव्हा आघाडीवरच्याला वेगळा रंग द्यावा असे ठरले. ‘लोतो’ पिवळ्या कागदावर छापले जाई, म्हणून रंग पिवळा. १९ जुलै १९१९ रोजी, अकराव्या टप्प्याला सुटताना क्रिस्तोफने ती जर्सी पहिल्यांदा अंगात घातली. ज्या पिवळ्या जर्सीसाठी आज जगभरचे स्वार जिवाचे रान करतात, तिचा पहिला मानकरी हा. त्याला स्वतःला ती मुळीच आवडली नाही. लोक रस्त्यात त्याला कॅनरी पक्षी म्हणून चिडवू लागले, अशी त्याची तक्रार होती.

जिनिव्हा झाले. तिथून स्ट्रासबर्ग, मग मेट्झ. ही दोन्ही शहरे जवळपास अर्धशतक जर्मनांकडे राहून नुकती फ्रान्सकडे परत आलेली. पिवळी जर्सी घालून एक फ्रेंच कारागीर तिथे सर्वांच्या पुढे येतो, याचे लोकांना काय वाटले असेल! आता दोनच टप्पे उरले होते. क्रिस्तोफच्या मागे दुसऱ्या स्थानावर होता बेल्जियमचा फिर्मां लाम्बो, २८ मिनिटांच्या अंतरावर. डोंगर संपले होते. अठ्ठावीस मिनिटे म्हणजे त्या काळीही भरपूर.

चौदावा टप्पा मेट्झ ते डंकर्क, ४६८ किलोमीटर. पुण्याहून निघून पणजी गाठावी आणि तिथेही न थांबता आणखी थोडे पुढे जावे, इतके. तेही एका दमात. विजेत्यालाच एकवीस तास लागले. वाट होती उत्तर फ्रान्समधून, जिथे चार वर्षे सैन्ये समोरासमोर खंदकांत बसली होती. त्याच वर्षी पॅरिस-रुबे शर्यतीचा रस्ता पाहायला गेलेल्या मंडळींनी या मुलखाला उत्तरेचा नरक हे नाव दिले, ते उगीच नव्हे. गावे नव्हती, झाडांचे बुंधे होते. आणि रस्ता म्हणजे ओबडधोबड दगडी फरसबंदी, अधूनमधून खड्डे. तूर्मलेच्या उतारावर सायकलला एक मोठा हिसका बसला असेल; इथे तासन्‌तास, फुटाफुटावर बारीक हादरे.

व्हालान्सिएन शहराजवळ चिमटा मोडला.

मी इथे वाचताना थांबतो. दर वेळी थांबतो. सहा वर्षांपूर्वी जे झाले तेच पुन्हा होते आहे, हे त्या माणसाला ज्या क्षणी कळले असेल, तो क्षण मला पुढे सरकू देत नाही. या खेपेस शोधाशोध फार करावी लागली नाही. सायकलींचे एक कारखानावजा दुकान जवळच सापडले. काम त्याला पाठ होते. हत्यारे मिळाली, भट्टी मिळाली, आणि तासाभराहून थोड्या अधिक वेळात त्याने चिमटा सांधला. सेंत-मारीपेक्षा निम्म्याहून कमी वेळ! कारागिरीच्या दृष्टीने पाहिले तर ही त्याची मोठीच प्रगती, आणि शर्यतीच्या दृष्टीने तिचा उपयोग शून्य. अठ्ठावीस मिनिटे केव्हाच संपली होती. लाम्बो पुढे गेला होता. तात्पुरत्या सांधलेल्या चिमट्यावर, त्याच फरसबंदीवरून, बेताबेताने उरलेले अंतर काटत क्रिस्तोफ डंकर्कला पोचला तेव्हा लाम्बोच्या तुलनेत त्याचे जवळजवळ अडीच तास गेले होते.

शेवटचा टप्पा डंकर्क ते पॅरिस, ३४० किलोमीटर. तिथे त्याला पंक्चरनी सतावले आणि आणखी वेळ गेला. लाम्बो जिंकला, जाँ आलाव्वान दुसरा. क्रिस्तोफ २ तास २६ मिनिटे मागे राहून तिसरा आला. पॅरिसला पोचलेच मुळी अकरा जण, आणि निकालात दहाच राहिले. अकरावा पॉल ड्यूबॉक. त्याचे पेडल मोडले होते. दुरुस्तीसाठी तो दुसऱ्याच्या मोटारीत बसून गेला, म्हणून बाद. क्रिस्तोफने मोटार घेतली नव्हती. त्याने नियम पाळला होता.

लोकांना हे सहन झाले नाही. ‘लोतो’मध्ये वर्गणी सुरू झाली. रॉथशिल्ड घराण्यातल्या श्रीमंतापासून दोन-चार फ्रँक पाठवणाऱ्या गरिबापर्यंत सगळ्यांनी हात सैल सोडला. देणाऱ्यांच्या याद्याच पानेच्या पाने चालल्या. जमले १३ हजार फ्रँकहून अधिक. विजेत्याचे बक्षीस पाच हजारांचे होते! हरलेल्याला जिंकलेल्याच्या दुपटीहून जास्त मिळाले.

ही हकिगत सांगणारे बहुतेक जण इथे गहिवरतात, आणि पराभवातही कसा विजय असतो वगैरे लिहितात. मला ते पटत नाही. क्रिस्तोफला कोणी विचारले असते, तर त्याने ते तेरा हजार परत करून ती अठ्ठावीस मिनिटे मागून घेतली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शिवाय लाम्बोचे काय? तोही कारागीरच, खोगिरे शिवणारा. बारा-बारा तास काम करून वर सायकल चालवणारा. त्याने कोणाचा चिमटा मोडला नव्हता. तोही त्याच फरसबंदीवरून गेला आणि त्याची सायकल टिकली. पॅरिसला गर्दीचे डोळे मात्र तिसऱ्या आलेल्या माणसाला शोधत होते. १९१९ ची टूर कोणी जिंकली, हे आज सायकलींचे वेड असलेल्यांनाही चटकन आठवत नाही; कोण हरला ते आठवते. यात लाम्बोवर थोडा अन्यायच आहे.

आणि नियमाचे काय? देग्रांजच्या हट्टाला मी पूर्वी निव्वळ क्रौर्य समजत असे. आता तसे म्हणवत नाही. तो नियम नसता तर क्रिस्तोफने दुसरी सायकल घेतली असती, बहुधा टूर जिंकली असती, आणि विजेत्यांच्या यादीत एक नाव होऊन राहिला असता. पण म्हणून नियम बरोबर होता, असेही म्हणवत नाही. ज्या नियमाने माणसाची ताकद मोजायची, त्याने १९१९ साली प्रत्यक्षात मोजला तो लोखंडाचा एक सांधा. मधल्या कुठेतरी मी अडकून पडलो आहे.

क्रिस्तोफ त्यानंतरही थांबला नाही. १९२० मध्ये त्याने बोर्दो-पॅरिस आणि पॅरिस-तूर या दोन मोठ्या शर्यती जिंकल्या. १९२२ च्या टूरमध्ये सदतिसाव्या वर्षी पुन्हा पिवळी जर्सी त्याच्या अंगावर आली. एवढ्या वयात ती घालणारा दुसरा कोणी आजवर झालेला नाही. आणि मग आल्प्समध्ये, गालिबियेच्या घाटात, चिमटा मोडला. तिसऱ्यांदा. तो आठवा आला. त्या वर्षी आघाडीवर असलेल्या एका बेल्जियन स्वाराची सायकल मोडली; त्याने पंचांना विचारून दुसरी घेतली, तरी त्याला एक तासाचा दंड झाला. त्या दंडामुळे टूर जिंकली ती फिर्मां लाम्बोने.

शेवटची टूर क्रिस्तोफने १९२५ साली, चाळिशीत केली. पेडलवर बूट घट्ट बांधून ठेवणाऱ्या कड्या आणि चामडी पट्टे यांवर पुढे त्याचे नाव छापले जाऊ लागले, आणि शर्यतीचे स्वार कितीतरी वर्षे ते वापरत राहिले. पुण्यात एका जुन्या सायकलपटूच्या माळ्यावर मी अशी एक जोडी पाहिली आहे. चामडे कडक होऊन तडकलेले, पण कडीवरची अक्षरे शाबूत होती. कंपनीचे नाव असेल, असे त्यांना आयुष्यभर वाटत होते. मी सांगितले, की हा माणूस होता. मालाकॉफला जन्मला आणि १ फेब्रुवारी १९७० रोजी गेला. त्यांनी कडी पुन्हा हातात घेतली, चष्मा पुसला, आणि चिमटा कुठे मोडला होता, मुळाशी की खाली आसाजवळ, असे मला बारकाईने विचारू लागले.