लक्ष्मीबाई टिळक यांचे घर

स्तोत्रकर्त्याने लेकरांना परमेश्वराच्या हातून लाभलेली मिळकत मानिले आहे. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या खेड्यांतील मंडळ्या हा विचार मोठ्या आनंदाने ऐकतात. परंतु ज्या उपदेशकाच्या घरी पाळणा हालला नाही, किंवा ज्याला आपले मूल मातीत ठेवावे लागले, त्याच्या मनात शंका उठते की, माझ्या सेवेत काही उणे राहिले काय? शेजारीपाजारीही कधी कधी तेच सुचवितात. अशा खिन्न झालेल्या बंधुभगिनींनी आपल्याच नाशिक जिल्ह्यातील एका मातेचे चरित्र अवश्य ध्यानात आणावे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ गोदातीरी असलेल्या जलालपूर गावी, गोखले यांच्या कर्मठ ब्राह्मण घरात झाला. माहेरचे त्यांचे नाव मनकर्णिका. १८८० साली नारायण वामन टिळक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. टिळक मूळचे कोकणातले. आई वारल्यावर ते लहान वयातच नाशिकास आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकले. विद्वान, कवी व अत्यंत दयाळू असा हा पुरुष संसारात मात्र एका ठिकाणी स्थिर राहत नसे. त्यामुळे लक्ष्मीबाईंच्या वाट्यास प्रारंभापासून ओढगस्त आली. पोटी आलेली पहिली लेकरे बालपणीच गेली. १८९१ साली दत्तू जन्मला व तो जगला. त्या माउलीचा सारा जीव त्याच्यात होता.

पुढे १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका गृहस्थाने टिळकांस नवा करार दिला. त्यांनी तो वाचिला, मनन केले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशी त्यांना प्रभू मिळाला, पण घर गेले. लक्ष्मीबाई दुःखाने वेड्यापिशा झाल्या. आप्तांनी त्यांना व दत्तूला आपल्याकडे ठेविले, आणि पुढची काही वर्षे त्यांनी पंढरपूर आदी ठिकाणी नातलगांच्या आश्रयाने काढिली. इकडे टिळक अहमदनगरास मिशनच्या सेवेत राहून पत्नी व पुत्र यांच्यावाचून दिवस कंठीत होते.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. टिळकांनी विश्वासूपणे प्रभूचे ऐकिले, आणि त्याचे पहिले फळ म्हणून त्यांचे घर रिकामे झाले. त्या काळी कोणी त्यांचे रिते घर पाहून त्यांच्या सेवेची किंमत ठरविली असती, तर तो किती चुकला असता!

काही वर्षांनी लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन पतीकडे आल्या. तथापि त्यांनी आपला धर्म सोडिला नाही. स्वयंपाक निराळा, पाणी निराळे, सोवळे कडक. टिळकांनी त्यांच्यावर जुलूम केला नाही. हळूहळू त्यांच्याच मनात विचार आला की, देवाने माणूस निर्माण केला आहे, जाती मात्र माणसांनी केल्या आहेत. सोवळे सुटले. त्यांनी नवा करार वाचिला, आणि १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. गेलेले घर परमेश्वराने परत दिले.

त्याने ते घर वाढविलेही. तो छप्पन्नच्या भयंकर दुष्काळाचा काळ होता. रस्त्यात कोणी अनाथ वा निराश्रित दिसला की टिळक त्याला घरी आणीत. डब्यात पीठ किती आहे याची चिंता लक्ष्मीबाईंना असे, आणि त्या ती बोलूनही दाखवीत. परंतु आलेल्या लेकराला उपाशी निजवीत नसत. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा कोवळा कवी पुढे आला. पुढे महाराष्ट्र त्याला बालकवी म्हणून ओळखू लागला. टिळकांनी त्याला नगरास आपल्या घरी आणिले, आणि लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर पोटच्या मुलाप्रमाणे माया केली. तो हिंदूच राहिला, म्हणून त्या मायेत उणे पडले नाही. १९१८ साली त्याचा रेल्वेखाली अपघाती अंत झाला, तेव्हा या घराने आपला एक मुलगा गमाविला.

पुढल्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळक प्रभूकडे गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते. त्याचे दहा अध्याय झाले होते व अकरावा सुरू होता. ज्या बाईने शाळेचे तोंड पाहिले नव्हते, जिला पतीने घरी अक्षरे शिकविली होती, तिने त्यास चौसष्ट अध्यायांची जोड दिली. पुत्र देवदत्त यांच्या आग्रहामुळे तिने ‘स्मृतिचित्रे’ही लिहिली. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेले हे आत्मचरित्र मराठी भाषेत आजही मानाने वाचिले जाते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंनी देह ठेविला.

जो कोणी प्रभूकरिता घरदार सोडितो त्याला शतपट मिळेल, असे अभिवचन प्रभूने दिले, आणि त्याबरोबर छळही सांगून ठेविला. या घरात दोन्ही खरी झाली. म्हणून संततीला सेवेची मजुरी समजू नका. मजुरी मोजून घेता येते, आशीर्वाद मोजता येत नाही. ज्यांच्या अंगणात लेकरे खेळत आहेत त्यांनी ती देवाची ठेव समजून त्यांना रोज प्रार्थनेत व देवशब्दात वाढवावे. ज्यांचे घर रिते आहे अशा उपदेशकांना व त्यांच्या पत्नींना मंडळीने एका शब्दानेही हिणवू नये. त्यांनीही डोळे वर करून आपल्या गावाकडे पाहावे. तेथे एखादे पोरके लेकरू, शाळेवाचून राहिलेला एखादा मुलगा, त्यांच्या दाराची वाट पाहत असेल. त्याला आत घेण्याची कृपा प्रभू आपणां सर्वांस देवो.