नवी आठवण साठतच नाही तेव्हा: डॉ. कोर्साकॉफ यांनी काय पाहिलं?

वीस वर्षांपूर्वीचं सगळं नीट सांगणारा माणूस सकाळी जेवलो की नाही हे मात्र विसरतो. तुमच्या घरात असं कोणी असेल, तर सर्गेई कोर्साकॉफ यांच्याबद्दल जरूर वाचा.

१८५४ मध्ये रशियात जन्मलेले कोर्साकॉफ १८७५ मध्ये मॉस्को विद्यापीठातून डॉक्टर झाले. मनोरुग्णांना बांधून ठेवण्याची तेव्हा रीत होती; त्यांनी तिला विरोध केला. १८८७ मध्ये त्यांनी दारूमुळे येणाऱ्या लकव्यावर प्रबंध लिहिला. अशा अनेक रुग्णांच्या हातापायांसोबत स्मरणशक्तीही गेलेली होती. ते तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत आणि न घडलेल्या गोष्टी खऱ्या समजून सांगत. तो खोटेपणा नव्हता, आजार होता.

एका रुग्णाला त्यांनी विजेचा झटका दिला होता. नंतर त्याला ते आठवेना, पण यंत्राची पेटी दिसताच त्याने झटका मिळणार हे ताडलं. म्हणजे आठवणीची खूण उरते, पण रुग्णाला ती जाणीवपूर्वक वर काढता येत नाही, हे कोर्साकॉफ यांनी ओळखलं. दारू न पिणाऱ्यांनाही हा आजार होतो, हेही त्यांनी नोंदवलं. त्यांना शरीरातल्या विषाचा संशय होता. १९०० मध्ये, ४६ व्या वर्षी हृदयविकाराने ते गेले.

खरं कारण पुढे कळलं: थायमिनची, म्हणजे जीवनसत्त्व ब१ ची कमतरता. त्यामुळे मेंदूत खोलवर असलेल्या थॅलॅमस आणि मॅमिलरी बॉडीज या भागांना इजा होते. नवी माहिती पक्की होण्याची वाट तिथूनच जाते, म्हणून जुनं बरंचसं टिकतं आणि नवं शिकणं अडतं.

जेवण सोडून दारू पिणारे, गरोदरपणात सतत उलट्या होणाऱ्या स्त्रिया आणि वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेले लोक यांना हा धोका असतो. अशा व्यक्तीला अचानक गोंधळल्यासारखं झालं, चालताना तोल जाऊ लागला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. दारू किंवा उलट्यांबद्दल डॉक्टरांना आधीच सांगा, म्हणजे ग्लुकोजच्या सलाईनआधी किंवा सोबतच थायमिनचं इंजेक्शन देता येईल. उशीर झाला तर गेलेली स्मरणशक्ती अनेकदा पूर्ण परत येत नाही.