जॉर्ज स्टीफन्सन: बंब, कालवा आणि १४३५ मिलिमीटर

पुणे, नागपूर किंवा मुंबईच्या मेट्रोने कधी गेला असाल, तर पुढच्या वेळी प्लॅटफॉर्मवरून रुळांकडे नीट बघा. दोन रुळांच्या आतल्या कडांमध्ये १४३५ मिलिमीटर अंतर असतं. १४०० नाही, १५०० नाही, बरोबर १४३५. इतका विचित्र आकडा कुणी ठरवला?

खरं सांगायचं तर बसून कुणी ठरवलाच नाही. इंग्लंडच्या ईशान्येला न्यूकॅसलजवळ किलिंगवर्थ नावाची कोळशाची खाण होती. तिथे घोडे रुळांवरून वाघिणी ओढायचे आणि त्या रुळांमध्ये साधारण ४ फूट ८ इंच अंतर होतं. त्या खाणीतल्या मेकॅनिकने पुढे रेल्वे बांधली तेव्हा तेच माप वापरलं. चाकं थोडी मोकळी फिरावीत म्हणून नंतर त्यात अर्धा इंच वाढला, बस्स. तो मेकॅनिक म्हणजे जॉर्ज स्टीफन्सन.

त्याचा जन्म ९ जून १७८१ चा, न्यूकॅसलजवळच्या वायलम गावातला. वडील खाणीतलं पाणी उपसणाऱ्या वाफेच्या इंजिनात कोळसा टाकायचे. घरात शाळेचे पैसे नव्हते, म्हणून जॉर्ज लहानपणापासूनच कामाला लागला. १७ व्या वर्षी इंजिन सांभाळायची जबाबदारी मिळाली, पण लिहिता-वाचता येत नव्हतं. १८ वर्षांचा झाल्यावर स्वतःच्या पगारातून रात्रशाळेची फी भरून तो अक्षरं आणि हिशेब शिकला. सुट्टीच्या दिवशी मशीन पूर्ण उघडायचं, साफ करायचं, परत जोडायचं, ही त्याची सवय. जुना फोन उघडून बसणारा एखादा मित्र तुमच्याही ग्रुपमध्ये असेलच, तसा.

१८०३ मध्ये मुलगा रॉबर्ट झाला आणि १८०६ मध्ये बायको फ्रान्सिस क्षयाने गेली. त्याच सुमारास वडिलांचे डोळे वाफेच्या अपघातात गेले. या काळात तो देश सोडून जायच्या विचारात होता म्हणतात. पण १८११ मध्ये किलिंगवर्थला एक पंप इतरांना दुरुस्त होईना, तो त्याने चालू करून दाखवला. पुढच्याच वर्षी त्या खाणींची सगळी यंत्रं त्याच्या हाताखाली आली. १८१४ मध्ये त्याचं पहिलं रेल्वे इंजिन, ब्ल्यूखर, ३० टन कोळसा चढावर ओढत होतं. वेग ताशी ४ मैल, म्हणजे आपण चालतो त्याहून किंचित बरा. १८२५ मध्ये स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे त्याच्याच इंजिनाने सुरू झाली.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. मला जास्त इंटरेस्टिंग वाटतो तो त्याच वर्षीचा त्याचा पराभव.

त्या काळी इंग्लंडमध्ये जड माल कालव्यातून जायचा. एक घोडा रस्त्यावर जेवढं ओढतो त्याच्या कितीतरी पट पाण्यावरची बोट ओढू शकतो. १७६१ मध्ये ब्रिजवॉटर कालवा मँचेस्टरपर्यंत आला आणि तिथला कोळसा जवळपास निम्म्या किमतीत मिळू लागला. म्हणजे कालवा ही त्या काळची हायटेक गोष्टच होती. पुढे मात्र लिव्हरपूल ते मँचेस्टर वाहतूक मोजक्या जलमार्गवाल्यांच्या हातात राहिली. भाडं ते सांगतील ते, आणि माल पोचायचा त्यांच्या सोयीने. अमेरिकेतून लिव्हरपूलला आलेला कापूस पुढच्या पन्नास किलोमीटरसाठी कधी कधी समुद्रप्रवासापेक्षा जास्त दिवस घेतो, अशी व्यापाऱ्यांची तक्रार होती. म्हणून त्यांनी रेल्वे काढायचं ठरवलं आणि इंजिनियर म्हणून स्टीफन्सनला घेतलं.

कालव्याचे मालक आणि जमीनदार चिडले. मोजणीला आलेल्या माणसांना हाकललं जायचं, त्यामुळे काही मोजणी लपूनछपून करावी लागली. स्टीफन्सन स्वतः स्टॉकटनच्या कामात अडकलेला होता, म्हणून पातळ्या मोजायचं काम त्याने सहाय्यकांवर सोडलं. आणि हिशेबात पक्का असलेला मुलगा रॉबर्ट १८२४ मध्येच दक्षिण अमेरिकेत खाणींच्या कामावर गेला होता.

रेल्वेसाठी संसदेचा कायदा लागायचा. १८२५ च्या वसंतात समितीपुढे विरोधी पक्षाचे वकील एडवर्ड ऑल्डरसन यांनी स्टीफन्सनची उलटतपासणी घेतली. त्याची खाणीकडची गावरान बोली ऐकून लोक हसत होते, पण खरी अडचण बोलीची नव्हती. नकाशातले आकडेच चुकले होते. इरवेल नदीवरच्या पुलापाशी पातळ्या जुळत नव्हत्या. पुरात पाणी किती चढतं, याचं धड उत्तर त्याच्याकडे नव्हतं. प्रस्ताव फेटाळला गेला आणि कंपनीने त्याला बाजूला करून दुसरे इंजिनियर आणले.

अनेक ठिकाणी ही गोष्ट अशी सांगतात की इंग्रजी बोलणाऱ्या शिकलेल्या साहेबांनी गरीब मेकॅनिकवर अन्याय केला. मला ते अर्धंच पटतं. इतरांनी केलेलं काम न तपासता त्याने स्वतःच्या नावावर पुढे केलं होतं. टीममेटचा कोड न वाचता मीही एकदा मंजूर केलाय आणि रात्री दोनला उठून निस्तरलाय, म्हणून हे जरा जास्तच ओळखीचं वाटतं. फरक इतकाच की माझी चूक पाच जणांनी पाहिली आणि त्याची संसदेच्या दप्तरी गेली.

१८२६ मध्ये दुसऱ्या सर्व्हेवर कायदा मंजूर झाला. त्यामागे एक व्यवहारही होता. ब्रिजवॉटर कालव्याचं उत्पन्न ज्यांना मिळायचं त्या मार्क्विस ऑफ स्टॅफर्ड यांनी रेल्वेचेच भरपूर शेअर घेतले, मग विरोधाची धार गेली. नव्या इंजिनियरांशी कंपनीचं जमलं नाही आणि काम परत स्टीफन्सनकडेच आलं.

या वेळी तो जागेवर उभा राहिला. वाटेत चॅट मॉस नावाची दलदल होती, सुमारे साडेसात किलोमीटर. टाकाल तितकी माती गिळायची. त्याने तिथे चर खणून पाणी काढलं आणि झुडपं, फांद्यांच्या जाळ्या यांचे थर टाकून त्यांच्यावर रूळ तरंगते ठेवले. सँकी कालवा आडवा आला, तिथे नऊ कमानींचा पूल बांधला. पूल इतका उंच ठेवावा लागला की खालून बोटी शिडासकट जाव्यात. वरून रेल्वे, खालून कालवा. तो पूल आजही वापरात आहे.

१८२९ च्या ऑक्टोबरात रेनहिलला इंजिनांची स्पर्धा झाली, बक्षीस ५०० पाउंड. परत आलेल्या रॉबर्टने न्यूकॅसलच्या कारखान्यात रॉकेट हे इंजिन बनवलं होतं. त्याची युक्ती समजायला आजीकडचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब आठवा. त्यात मधोमध जळणाची एकच नळी आणि भोवती पाणी. जुन्या इंजिनांचे बॉयलर साधारण तसेच होते. रॉकेटमध्ये त्या जागी तांब्याच्या २५ बारीक नळ्या होत्या. गरम हवेला पाण्याशी भिडायला जास्त जागा मिळाली, म्हणून वाफ भराभर तयार झाली. ही कल्पना कंपनीचे सचिव हेन्री बूथ यांची. वापरलेली वाफ धुराड्यातून जोरात बाहेर सोडली की आगीला आपोआप हवा मिळायची. बाकीची इंजिनं मोडली किंवा थकली. रॉकेट ताशी जवळपास ३० मैलांपर्यंत पोचलं.

१५ सप्टेंबर १८३० ला रेल्वे सुरू झाली, आणि त्याच दिवशी खासदार विल्यम हस्किसन रुळांवर उतरले असताना रॉकेटखाली सापडले. जखमी हस्किसनना घेऊन स्टीफन्सनने स्वतः इंजिन ताशी ३६ मैलांच्या आसपास पळवलं. तरी ते रात्री गेले. कंपनीने मालाच्या भरवशावर गणित मांडलं होतं, पण लोकच तुडुंब यायला लागले. कालवेवाल्यांना भाडी उतरवावी लागली.

ब्रुनेल या इंजिनियरने ७ फुटांची रेल्वे काढली, ती जास्त स्थिर आणि वेगवान होती. पण तोवर स्टीफन्सनच्या मापाचे रूळ खूप पसरले होते आणि १८४६ च्या कायद्याने तेच माप पक्कं झालं. आपली लोकल मात्र १६७६ मिलिमीटरवर धावते, कारण भारतासाठी वेगळं, रुंद माप निवडलं गेलं. तरी १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे धावलेली इंजिनं व्हल्कन फाउंड्रीची होती, आणि तो कारखाना त्या सँकी पुलाच्या जवळच होता.

म्हातारपणी स्टीफन्सन चेस्टरफील्डजवळ टॅप्टन हाउसमध्ये राहायला गेला. तिथे त्याला बागेचं वेड लागलं. काकड्या वाकड्या येतात याचा त्याला राग यायचा, म्हणून त्याने काचेच्या सरळ नळ्या बनवून घेतल्या आणि काकड्या त्यांच्यातच वाढवल्या. १२ ऑगस्ट १८४८ ला, ६७ व्या वर्षी तो तिथेच वारला.