सार्वजनिक काका आणि लोकांचें मुखत्यारपत्र

लोकांच्या नांवानें बोलणारांची आपल्या देशांत कधींच वाण पडली नाहीं. वाण पडते ती, तसें बोलावयास लोकांनीं सांगितलें आहे हें दाखवूं शकणारांची. चार प्रतिष्ठित गृहस्थ दिवाणखान्यांत जमले, ठराव केला, आणि त्याखालीं समस्त लोक असें लिहिलें कीं सभा झाली, ही समजूत अद्यापि पुष्कळ ठिकाणीं दिसते. पुण्यांत या समजुतीस ज्यांनीं जोराचा धक्का दिला, त्या गणेश वासुदेव जोशी यांचें चरित्र म्हणूनच वाचकांपुढें ठेवावेंसें आम्हांस वाटतें.

जोशी यांचा जन्म १८२८ सालीं सातारा येथें झाला. आरंभीं सरकारी नोकरी व नंतर पुण्यांत वकिली, असा त्यांचा क्रम होता. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीं लोकांत कुरबूर सुरू झाली, त्यांतून एक कायमची सभा असावी असा विचार निघाला, आणि ता. २ एप्रिल १८७० रोजीं पुणें सार्वजनिक सभा स्थापन झाली. पक्षकारानें वकीलपत्र दिल्यावांचून वकिलास कोर्टांत उभें राहतां येत नाहीं. आमच्या मतें तीच रीत जोशांच्या सभेनें राजकारणांत आणिली. सभासद होऊं इच्छिणारानें निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें, असा तिचा नियम होता. आरंभींच्या ९५ सभासदांच्या पाठीशीं अशा सुमारें ६००० लोकांच्या सह्या होत्या.

हा नियम दिसतो तितका लहान नव्हे. सही मागावयाची म्हणजे दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसावें लागतें, आपण काय करणार हें सांगावें लागतें, आणि त्याचें गाऱ्हाणें निमूटपणें ऐकावें लागतें. तथापि सभेच्या यादींत सरदार, इनामदार, सावकार व वकील यांचाच भरणा होता. शेतकरी व अस्पृश्य यांच्या वतीनें बोलण्याचा तिचा अधिकार जोतीराव फुले यांनीं मान्य केला नाहीं, आणि तो आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. सही देणारा कुणबी कोण, आणि सही घेणारा त्याचाच सावकार तर नव्हे ना, हें मुखत्यारपत्रावरून कळत नसे.

तरी काकांनीं सभा दिवाणखान्यांत कोंडून ठेविली नाहीं. १८७१ सालीं न्यायमूर्ति रानडे पुण्यास आले व दोघांची जोडी जमली. रयतेच्या स्थितीची चौकशी झाली. १८७६-७७ च्या दुष्काळांत सभेचे लोक जिल्ह्यांत फिरून हकीकती गोळा करीत होते. आपसांतील तंटे मिटविण्यासाठीं लवाद कोर्टें निघालीं. स्त्रियांकरितां सभा काढण्यांत काकांच्या पत्नी सरस्वतीबाई पुढें होत्या. १८७२ सालीं काकांनीं स्वदेशी वस्त्राचें व्रत घेतलें, आणि १८७७ च्या दिल्ली दरबारांत, जेथें रेशीम आणि जरतार यांचीच चढाओढ लागलेली, तेथें सभेचें मानपत्र घेऊन ते जाड्याभरड्या खादीच्या पोषाखांत गेले.

१८७९ सालीं वासुदेव बळवंत फडके यांच्यावर पुण्यांत खटला उभा राहिला. फडक्यांचा सशस्त्र मार्ग हा सभेचा मार्ग नव्हता, आणि त्यांचें वकीलपत्र घेणें म्हणजे सरकारचा रोष पत्करणें होय, हें शहरांत सर्वांस ठाऊक होतें. तें काकांनीं घेतलें. फडक्यांस जन्मठेप झाली व ते एडनला गेले. काका पुढल्याच वर्षीं, ता. २५ जुलै १८८० रोजीं, ५२ व्या वर्षीं वारले.