रंग चुकले, यंत्रे जमली

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची प्रतवारी करताना एखादा मुलगा लाली धरू लागलेला आणि हिरवा माल एकाच क्रेटमध्ये टाकतो. घरचे त्याला वेंधळा ठरवतात. पण दोष लक्षाचा नसून डोळ्यांचा असू शकतो. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांतील लाल किंवा हिरव्या प्रकाशाला दाद देणाऱ्या पेशींत जन्मतः उणीव असली, की हे दोन रंग एकमेकांत मिसळतात. हा दोष वाहणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषांत ते एकच असल्याने रंगांधळेपणा मुलींपेक्षा मुलांत कितीतरी अधिक दिसतो. नजर मात्र तीक्ष्ण असते. रेषा, आकार, अंतर यांत काही कमी नसते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या आयुष्याला वळण मिळाले ते अशाच दोषामुळे. त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. मुलाचे मन पुस्तकात कमी आणि चित्रांत व यंत्रांत जास्त. वडिलांची इच्छा नव्हती, तरी थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले. तिथे लक्षात आले, की त्यांना काही रंग ओळखूच येत नाहीत. चित्रकार होण्याचे स्वप्न तिथेच संपले.

विशीच्या आतल्या मुलाला हा धक्का लहान नव्हे. त्यांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. यांत्रिक रेखाटनाला रंग लागत नाहीत. त्याच बळावर ते व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक झाले आणि फावल्या वेळात तिथल्या कार्यशाळेत यंत्रे उघडून, जोडून, हात काळे करून शिकत राहिले. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. आज जुना संगणक खोलून बसणाऱ्या मुलाला घरी बोलणी बसतात, त्याच जातीचे हे वेड.

मुंबईहून सायकली घेऊन ते बेळगावला रामूअण्णांकडे पाठवत. रामूअण्णा त्या विकत आणि १५ रुपये घेऊन चालवायलाही शिकवत. संस्थेत बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. आधी कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे गेली. समजूत चुकीची होती हे खरे, पण वर्षाचे पीक पणाला लावणाऱ्याने नव्या वस्तूकडे संशयाने पाहिले तर त्याला अडाणी म्हणणे बरोबर नाही. लक्ष्मणराव नांगर सुधारत राहिले.

पुढे नगरपालिकेने कारखान्याची जागा मागितली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ आणि १० हजार रुपये बिनव्याजी दिले. माळावर निवडुंग आणि साप. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. या वसाहतीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही, ही गोष्ट नांगराइतकीच मोठी.

रंगांधळेपणावर आजही खात्रीचा इलाज नाही, तपासणी मात्र काही मिनिटांची आहे. ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायला लावणारी जपानी डॉक्टर इशिहारा यांची चित्रे १९१७ मध्ये आली. लक्ष्मणरावांना शाळकरी वयात अशी चाचणी मिळाली नाही. आता ती सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात होते. रेल्वेचालक किंवा वैमानिक व्हायचे ठरवणाऱ्या मुलाने ती दहावीच्या आधीच करून घ्यावी, म्हणजे भरतीच्या दिवशी रडायची वेळ येत नाही.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्याआधी १० वर्षे, १९४६ मध्ये, त्यांचे चिरंजीव शंतनुरावांनी पुण्यात खडकीला तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा कारखाना काढला होता. वीज न पोहोचलेल्या विहिरींवर पाणी उपसायला तीच इंजिने लागली.